गळालं की गाळलं? : ‘द फॉग ऑफ वॉर’ पुन्हा पाहताना

एरल मॉरिसच्या ‘द फॉग ऑफ वॉर’ या माहितीपटात एक टेलिफोनवरचं संभाषण ऐकू येतं. तारीख ४ ऑगस्ट १९६४. पॅसिफिकमधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख ॲडमिरल शार्प हवाईहून बोलतायत. पेंटॅगॉनमधून जनरल बर्चिनल त्यांना विचारतात, की पाणतीरांचा हल्ला झाला एवढं तरी नक्की ना? शार्प उत्तर देतात : त्यात शंकाच नाही, मला वाटतं. आणि लगेच पुन्हा : त्यात शंकाच नाही.

‘शंकाच नाही’ आणि ‘मला वाटतं’, दोन्ही एकाच श्वासात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्या काळी मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. मित्राने आणलेल्या सीडीवर हा माहितीपट पाहिला, भारावून गेलो आणि रविवारच्या पुरवणीत अर्धं पान कौतुक लिहिलं. आपल्या चुका जगासमोर इतक्या मोकळेपणाने मांडणारा राज्यकर्ता दुसरा दाखवा, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. परवा माहितीपट पुन्हा पाहिला. मधल्या काळात या घटनेवरचं बरंच काही वाचून झालं होतं. माहितीपट तेवढाच देखणा वाटला. ते वाक्य मात्र आज माझ्याच्याने लिहवणार नाही. असं का झालं, हे नीट मांडून पाहावं म्हणून हा लेख.

आधी घटना, थोडक्यात. टोंकिनचं आखात म्हणजे उत्तर व्हिएतनामचा किनारा आणि चीनचं हैनान बेट यांच्यामधला समुद्र. १९६४च्या जुलैअखेर ‘मॅडॉक्स’ ही अमेरिकी विनाशिका तिथे गस्तीवर गेली. गस्तीचं खरं काम किनाऱ्यावरच्या रडारची आणि रेडिओ संदेशांची टिपणं घेण्याचं. त्याच सुमाराला, ३० जुलैच्या रात्री, दक्षिण व्हिएतनामच्या वेगवान नौकांनी उत्तरेच्या हॉन मे आणि हॉन न्गू या बेटांवर मारा केला. माणसं दक्षिणेची, आखणी आणि साधनसामग्री अमेरिकेची. या गुप्त मोहिमेचं सांकेतिक नाव ‘३४-ए’. २ ऑगस्टला दिवसाउजेडी तीन उत्तर व्हिएतनामी पाणतीर नौका मॅडॉक्सवर चालून आल्या. इशाऱ्याच्या तोफा आधी मॅडॉक्सने डागल्या, मग पाणतीर सुटले, ते चुकले, आणि ‘टिकॉन्डेरोगा’ या विमानवाहू नौकेवरून आलेल्या विमानांनी त्या तिन्ही नौकांना झोडपून काढलं. मॅडॉक्सला मशीनगनची एक गोळी लागली. हे घडलं, याबद्दल आज वाद नाही.

३ ऑगस्टच्या रात्री किनाऱ्यावर पुन्हा ‘३४-ए’चा मारा झाला. आणि ४ ऑगस्टच्या रात्री, सोबतीला ‘टर्नर जॉय’ ही दुसरी विनाशिका असताना, वादळी हवेत आणि काळ्याकुट्ट अंधारात मॅडॉक्सच्या रडारवर ठिपके दिसू लागले. सोनारवाल्याला पाणतीर ऐकू येऊ लागले. एक, दोन, चार करता करता आकडा वीसच्या वर गेला. दोन्ही नौका वेडीवाकडी वळणं घेत अंधारात तोफा डागत राहिल्या.

तो हल्ला झालाच नव्हता. पण वॉशिंग्टनमध्ये ४ तारीख उलटण्याआधी अध्यक्ष जॉन्सन टीव्हीवर आले आणि त्यांनी प्रत्युत्तराची घोषणा केली. विमानांनी ६४ फेऱ्या मारून उत्तर व्हिएतनामचे नौदल तळ आणि तेलाचा साठा फोडला. ७ ऑगस्टला काँग्रेसने अध्यक्षांना वाटेल ते पाऊल उचलण्याची मुभा देणारा ठराव केला : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. पुढची सगळी लढाई याच कागदावर उभी राहिली. त्यात अमेरिकेचेच ५८ हजारांहून अधिक सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली याचा हिशेब लाखांत करावा लागतो.

आता माहितीपट. मॉरिसने एक यंत्र बनवलंय, त्यामुळे मुलाखत देणाऱ्याला कॅमेऱ्याच्या भिंगावरच प्रश्नकर्त्याचा चेहरा दिसतो. परिणाम असा, की पंचाऐंशी वर्षांचे रॉबर्ट मॅक्नमारा, त्या काळचे संरक्षणमंत्री, थेट आपल्या डोळ्यांत पाहून बोलतात. बोट रोखतात, आवाज चढवतात, मधेच गहिवरतात. फिलिप ग्लासचं संगीत पाठीमागे एकाच लयीत वाजत राहतं. माहितीपट अकरा धड्यांत विभागलाय. सहावा धडा ‘आकडे मिळवा’. त्यात फोर्ड कंपनीत असताना अपघातांची माहिती गोळा करून त्यांनी गाड्यांना सीटबेल्ट कसे आणले ते येतं. आणि लगेच सातवा : ‘विश्वास आणि दृष्टी, दोन्ही पुष्कळदा चुकतात’. टोंकिनची गोष्ट या सातव्यात आहे. आकड्यांवर श्रद्धा असलेला माणूस एका धड्यानंतर सांगतो, की डोळ्यांवर विसंबू नका. ही जागा मॉरिसने फार नेमकी साधलीय. तिथे त्याची कारागिरी मान्य करावीच लागते.

मॅक्नमारा सांगतात ते असं. २ तारखेचा हल्ला खरा होता. मॅडॉक्सच्या डेकवरून आम्ही उत्तर व्हिएतनामी बनावटीच्या माऱ्याचे तुकडे गोळा केले. तरी आम्ही गप्प राहिलो. ४ तारखेला पुन्हा हल्ल्याची खबर आली. नेमकं काय झालं हे शोधण्यात आम्ही दहा तास घालवले. नौकेवरून कधी ‘खात्री नाही’ येई, कधी ‘पक्की खात्री’ येई. शेवटी शार्प म्हणाले नक्की, मग मी अध्यक्षांना सांगितलं. नंतर कळलं, ४ तारखेला काही झालंच नव्हतं. म्हणजे आम्ही एकदा बरोबर होतो, एकदा चूक. आणि मग एक वाक्य ते जवळपास सहज टाकतात : हल्ला झाला नव्हता, पण माझ्या मुद्द्याशी त्याचा संबंध नाही, अध्यक्षांनी तो झाला असं समजून निर्णय घेतला. कधीकधी आपल्याला गोष्टीची अर्धीच बाजू दिसते, असंही ते म्हणतात. मॉरिस पडद्याआडून जोड देतो, की आपल्याला जे मानायचं असतं तेच दिसतं. मॅक्नमारा : अगदी बरोबर.

पहिल्या वेळी मी इथेच विरघळलो होतो. या वेळी मात्र ‘एकदा बरोबर, एकदा चूक’ यावर अडलो. जमाखर्चाच्या वहीत बेरीज शून्य आली की हिशेबनीस वही मिटतो, तसं ते वाक्य आहे. ‘अर्धी बाजू’ यावरही अडलो. कारण उरलेली अर्धी बाजू या माणसाला त्या दिवशीच ठाऊक होती.

पण त्याआधी मला त्या ‘मला वाटतं’कडे परत जायचंय. आपल्या भाषेत या बाबतीत मोठी सोय आहे. ‘हल्ला झाला’, ‘हल्ला झाला असावा’, ‘हल्ला झालेला दिसतो’, ‘हल्ला झाला म्हणे’. बातमी एकच, पण बोलणारा तिच्यापासून किती अंतरावर उभा आहे हे क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. आजी गावातली गोष्ट सांगताना ‘म्हणे’ विसरत नसे; आपण पाहिलं नाही त्याचा भार ती स्वतःवर घेत नसे. वर्तमानपत्रात याच ‘म्हणे’चं ‘असे समजते’ होतं. डेस्कवर मी कित्येक वर्षं हेच काम केलं, आणि सांगतो, बातमीतला सगळ्यात आधी मरणारा शब्द तो. मथळ्यात त्याला जागा नसते. वार्ताहर ‘असे समजते’ लिहून पाठवतो, उपसंपादक ते तिसऱ्या परिच्छेदात ढकलतो, पान लावताना तिसरा परिच्छेद उडतो. माझ्या हातून असं एकदा झालं आणि एका माणसाला दोन दिवस फरार ठरवलं गेलं. तो रुग्णालयात होता. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. शंका तेवढी गाळली होती.

टोंकिनमध्ये हेच झालं, फक्त तिथे पान लावणारे पेंटॅगॉनमध्ये होते. त्या रात्री दोन्ही विनाशिकांचे वरिष्ठ कॅप्टन हेरिक यांनी शेवटच्या गोळीचा धूर विरण्याआधीच एक तार पाठवली. तिचा आशय असा : नोंदवलेले पुष्कळसे ठिपके आणि पाणतीर संशयास्पद वाटतात, विचित्र हवामानाचा रडारवर झालेला परिणाम आणि सोनारवाल्यांचा अतिउत्साह यांमुळे तसं झालं असावं, मॅडॉक्सवरून कुणी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, पुढे काही करण्याआधी पूर्ण छाननी करावी. समुद्रावरच्या माणसाने आपलं ‘असावं’ जागच्या जागी ठेवलं होतं. नंतर तो प्रमुख हल्ला खरा होता असंही कळवून गेला, हे खरं. वरून प्रश्नांचा मारा सुरू होता. मग ते ‘असावं’ हवाईत ‘शंकाच नाही, मला वाटतं’ झालं. मॅक्नमाराच्या तोंडून अध्यक्षांकडे जाताना ‘मला वाटतं’ गेलं. टीव्हीवर फक्त ‘झाला’ उरलं.

इथवरची गोष्ट अजूनही मॉरिसच्या बाजूने सांगता येते. धुकं होतं, शब्द गळत गेले, घाईत माणसं चुकली. माहितीपटाच्या शेवटाकडे मॅक्नमारा नावाचा अर्थ सांगतात तो हाच : युद्ध इतकं गुंतागुंतीचं असतं, की माणसाच्या बुद्धीला त्याचे सगळे धागे पेलत नाहीत. पण मराठीत ‘गळणं’ आणि ‘गाळणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. शब्द आपोआप गळतो तेव्हा कर्ता नसतो. गाळला जातो तेव्हा असतो. धुकंही ‘पडतं’, धुकं कुणी पाडलं असं आपण म्हणत नाही. मॉरिसने माहितीपटाचं नावच अकर्मक ठेवलंय, आणि माझं मुख्य भांडण त्याच्याशी आहे.

हे भांडण मला सुचलं ते रॉबर्ट हॅन्यॉक या माणसामुळे. हॅन्यॉक अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत, म्हणजे परकी संदेश चोरून ऐकणाऱ्या खात्यात, इतिहासकार होता. खात्याच्या अंतर्गत नियतकालिकात २००१ साली त्याने एक प्रदीर्घ लेख लिहिला. तो गुप्त होता. २००५च्या अखेरीस खुला झाला. तो खुला करायला उशीर झाला त्यामागे इराक युद्धाशी तुलना होईल ही धास्ती होती, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेव्हा छापलं होतं. लेखाचं नाव ‘स्कंक्स, बोगीज, सायलेंट हाउंड्स अँड द फ्लाइंग फिश’. स्कंक म्हणजे रडारवर दिसणारी अनोळखी नौका, बोगी म्हणजे अनोळखी विमान, ही आरमारी बोली. उडते मासे जॉन्सनकडून आले : ते मूर्ख खलाशी उडत्या माशांवर गोळ्या झाडत होते, असं अध्यक्ष काही दिवसांनी बोलून गेले, ही आठवण त्यांचे सहकारी जॉर्ज बॉल यांनी सांगितलीय. आणि गप्प कुत्रे शेरलॉक होम्सचे. रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा.

कुत्रा न भुंकणं म्हणजे काय, ते हॅन्यॉक सविस्तर दाखवतो. २ तारखेच्या हल्ल्याआधी आणि हल्ल्यादरम्यान उत्तर व्हिएतनामी नौकांचे संदेश भरपूर पकडले गेले होते. ४ तारखेला तसं काहीही नाही. हल्ल्याचा हुकूम नाही, नौकांचं आपापसात बोलणं नाही. मग वॉशिंग्टनला पुरावा म्हणून गेलं काय? एक, त्या दिवशी लवकर पकडलेला एक संदेश. फू बाय इथल्या केंद्राने त्याचा अर्थ ‘हल्ल्याची तयारी’ असा लावून तातडीचा इशारा दिला. फिलिपिन्समधल्या दुसऱ्या केंद्राने वाचलं ते वेगळं होतं : २ तारखेच्या चकमकीत जायबंदी झालेल्या नौका ओढून नेण्याची आणि त्यांना इंधन पोचवण्याची ती बोलणी होती. मॅडॉक्सवर इशारा पोचला, दुरुस्ती वेळेवर पोचली नाही. म्हणजे रात्री रडारकडे पाहणाऱ्या पोरांना संध्याकाळपासूनच ठाऊक होतं, की आज आपल्यावर हल्ला होणार आहे. यालाच मॉरिस ‘मानायचं तेच दिसतं’ म्हणतो. पण त्यांना ते मानायला कुणी लावलं, हा प्रश्न तो विचारत नाही.

दुसरा संदेश जास्त गमतीचा, म्हणजे वाईट अर्थाने. हल्ल्यानंतर पकडलेला तो संदेश मॅक्नमारांना निर्णायक वाटला. भाषांतरात होतं, की दोन नौकांचं बलिदान झालं. हॅन्यॉकने वेगवेगळे मसुदे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की आधीच्या पाठात ‘दोन नौका’ नाहीत, ‘दोन सोबती’ आहेत. आणि तो मजकूर २ तारखेच्या चकमकीला लागू पडतो. शिवाय एकाहून अधिक संदेशांचे तुकडे जोडून एकच संदेश केलेला. मूळ व्हिएतनामी मजकूर दप्तरातून नाहीसा झालाय. मराठीत सांगायचं तर ‘दोघे कामी आले’चं ‘दोन कामी आल्या’ झालं, आणि तेवढ्यावर विमानं उडाली.

हॅन्यॉकचा लेख मी हेरगिरीचा अहवाल म्हणून वाचायला घेतला. वाचताना मात्र पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण येत राहिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी केलं ते हेच : पोथ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, कोणता श्लोक कुठल्या पोथीत नाही ते पाहायचं, प्रक्षिप्त काय ते तळटीपेत उतरवायचं. टोंकिनच्या रात्री पुण्यात ते काम अजून चालू होतं. ते १९६६ साली पूर्ण झालं. प्रक्षिप्त मजकुराबद्दल पाठचिकित्सक सहसा रागावत नाही, तो नोंद करतो. हॅन्यॉकचाही आवाज तसाच आहे, कोरडा, अधूनमधून खवचट. त्यामुळे त्याचा निष्कर्ष अंगावर येतो. त्या रात्रीच्या संदेशांपैकी जवळपास ९० टक्के वरच्या अहवालांत गेलेच नाहीत. जे गेले ते निवडून, काही ठिकाणी वेळा आणि भाषांतर बदलून, हल्ला झाला या गोष्टीला शोभतील असे गेले. आणि हे व्हाइट हाउसच्या हुकमाने झाल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. मधल्या फळीतल्या माणसांनी आधीची चूक झाकली.

आपल्याकडे अशा वेळी हमखास ‘ध चा मा’ आठवतो. १७७३चं शनिवारवाड्यातलं कारस्थान, ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारी आनंदीबाई. मलाही तोच शब्द सुचला होता आणि मी तो या लेखात मथळ्यासाठी जवळपास वापरला होता. पण तो इथे बसत नाही. ‘ध चा मा’ची आख्यायिका लोकप्रिय झाली कारण तिच्यात एकच हात आहे, एकच अक्षर आहे, आणि दोष द्यायला एक बाई आहे. टोंकिनमध्ये आनंदीबाई नाही. तिथे भाषांतरकार आहे, पाळीप्रमुख आहे, सारांश काढणारा आहे, सारांशाचा सारांश काढणारा आहे. प्रत्येकाने थोडं थोडं गाळलं. म्हणून तर ते धुक्यासारखं दिसतं.

मॉरिसवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगायला हवं, की माहितीपट २००३चा. हॅन्यॉकचा लेख तेव्हा कुलूपबंद होता. तो त्याने वापरला नाही हा आरोप होऊ शकत नाही. पण सगळंच कुलूपबंद नव्हतं. ‘३४-ए’ मोहिमा १९७१च्या पेंटॅगॉन पेपर्सपासून जगाला ठाऊक होत्या. एडविन मोईझ या इतिहासकाराचं टोंकिनवरचं पुस्तक १९९६चं, त्यात ती रात्र तासातासाने उलगडलीय. जॉन्सन यांच्या टेलिफोनच्या ध्वनिफिती मॉरिस माहितीपटभर वापरतो, आणि ३ ऑगस्टची एक फीत तेव्हाही छापील रूपात उपलब्ध होती. तीत जॉन्सन माजी अर्थमंत्री रॉबर्ट अँडरसन यांना सांगतात, की आपल्या काही गुप्त कारवाया तिकडे चालल्या आहेत, बहुधा त्या थांबवाव्यात म्हणून त्यांनी हे केलं असावं. दुसऱ्या दिवशी सुरक्षा परिषदेच्या बैठकीत सीआयएचे प्रमुख मॅकोन हेच बोलले : आपण त्यांच्या बेटांवर मारा केला, ते बचाव करतायत. माहितीपटात हे काहीही नाही. मॅक्नमारा शपथेवर सांगितल्यासारखं म्हणतात, की आम्ही आंतरराष्ट्रीय हद्दीत होतो आणि ते आक्रमण होतं. आणि पडद्याआडून एकही प्रश्न येत नाही.

६ ऑगस्ट १९६४ला सिनेटच्या समितीपुढे मॅक्नमारा काय बोलले तेही नोंदीत आहे. दक्षिण व्हिएतनामच्या कारवायांत आमच्या नौदलाचा काही भाग नव्हता, त्यांची माहितीही नव्हती, आणि पुढे जोडलं : अशा कारवाया झाल्या असतील तर. हे शेवटचं ‘असतील तर’ म्हणजे आपलं ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराजाने निदान ‘कुंजरो वा’ हळू आवाजात म्हटलं होतं; मॅक्नमारांनी नीट ऐकू जाईल असं म्हटलं. आणि इथे माझ्या ‘म्हणे’च्या कौतुकाला खोच बसते. शंकेचा शब्द नेहमीच प्रामाणिक नसतो. हेरिकच्या तारेतलं ‘असावं’ माहीत नाही म्हणून आलं. मॅक्नमारांचं ‘असतील तर’ माहीत होतं म्हणून आलं. व्याकरण एकच. माहितीपट बनवणाऱ्याने हा फरक कानांनी पकडायला हवा होता. मॉरिसचा कान तर एरवी इतका तिखट आहे.

मला वाटतं, मॉरिस मॅक्नमारांच्या शैलीत अडकला. हा माणूस चूक कबूल करतो ती नेहमी बहुवचनात. आम्ही चुकलो. आमची समजूत तशी होती. १९९५च्या एप्रिलमध्ये आलेल्या आत्मकथनातही त्यांनी ४ तारखेचा हल्ला ‘शक्य वाटतो, पण खात्री नाही’ अशा जागी ठेवला होता, एकतीस वर्षांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते हनोईला गेले, जनरल ज्याप यांना भेटले आणि ४ ऑगस्टला काय झालं ते विचारलं. ज्याप म्हणाले, काहीही नाही. शत्रूच्या सेनापतीला विचारल्यावर मॅक्नमारांची खात्री पटली. स्वतःच्या कॅप्टनने त्याच रात्री कळवलं होतं, ते पुरलं नव्हतं.

डॅनियल एल्सबर्गचं ‘सीक्रेट्स’ (२००२) याच्या शेजारी ठेवून वाचावं. त्याचा पेंटॅगॉनमधला पहिला पूर्ण दिवस योगायोगाने ४ ऑगस्ट १९६४, आणि पुस्तक तिथूनच सुरू होतं. तारा एकामागून एक येतायत, पाणतीरांचा आकडा वाढतोय, मग हेरिकची ती ‘थांबा’ सांगणारी तार येते, आणि तयारी थांबत नाही. लिहिण्यात मॉरिसची नजाकत नाही. ठिकठिकाणी पसरट आहे. पण एल्सबर्ग ‘मी’ म्हणतो. अध्यक्ष आणि मंत्री खोटं सांगतायत हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. विरोधात मत देणाऱ्या दोन सिनेटरांपैकी वेन मोर्स यांनी नंतर त्याला ऐकवलं होतं, की ते कागद तू १९६४ला दिले असतेस तर ठराव समितीबाहेर पडला नसता. हे तो स्वतःच सांगतो. पुरवणीत मी मॅक्नमारांसाठी वापरलेलं विशेषण खरं तर याला द्यायला हवं होतं.

आणखी एका पुस्तकाचा फक्त उल्लेख करतो, कारण त्यावर वेगळा लेख होईल. जेम्स स्टॉकडेल हा वैमानिक २ तारखेलाही वर होता आणि ४ तारखेच्या रात्रीही. तासाहून जास्त वेळ तो लाटांच्या अगदी जवळून घिरट्या घालत होता. त्याला काळं पाणी आणि आपल्याच तोफांचा उजेड सोडून काही दिसलं नाही. सकाळी उठवून त्याला प्रत्युत्तराच्या हल्ल्याचं नेतृत्व करायला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, कशाचं प्रत्युत्तर? १९६५ साली तो पाडला गेला आणि सात वर्षांहून अधिक काळ उत्तर व्हिएतनामच्या तुरुंगात होता. छळ सोसताना त्याला सगळ्यात जास्त भीती एकाच गोष्टीची होती : हे गुपित आपल्या तोंडून निघेल. ‘इन लव्ह अँड वॉर’मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून हे लिहिलंय. धुक्याबद्दल बोलायचा अधिकार कुणाला असेलच तर त्याला. तो मात्र म्हणतो, की मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

माहितीपट वाईट आहे असं मला अजूनही म्हणवत नाही. जपानवरच्या बाँबफेकीचा भाग, आकाशातून बाँबऐवजी आकडे पडतात तो, आजही पाहताना पोटात ढवळतं. २००३च्या फेब्रुवारीत कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत पकडलेले संदेश वाजवून दाखवले, मे महिन्यात हा माहितीपट कानला दाखवला गेला, आणि पाहणाऱ्यांनी त्यात इराक वाचला; तो योगही मॉरिसच्या पथ्यावर पडला. पण त्या वर्षी ‘चूक झाली’ हे ऐकायला सगळे इतके आतुर होते, की ‘कुणी केली’ हा प्रश्न उद्धट वाटला असता. मलाही तो सुचला नव्हता.

आता त्या सोनारबद्दल, कारण ते माहितीपटात नाही आणि असायला हवं होतं. मॅडॉक्सने ऐकलेले वीसेक पाणतीर म्हणजे काय, याचं पुढे मिळालेलं उत्तर असं : नौका पाणतीर चुकवायला जोरात वळायची, वळताना तिच्याच सुकाणू-पंख्यांचा आवाज सोनारमध्ये यायचा, तो आवाज पाणतीर म्हणून नोंदला जायचा, आणि तो चुकवायला नौका पुन्हा वळायची.

त्याच रात्री मॅडॉक्सच्या मुख्य तोफांचा नेम धरणाऱ्या खलाशाला रडारवर एक मोठं, ठळक लक्ष्य मिळालं, रात्रभरातलं सगळ्यात पक्कं. वरून हुकूम आला, तोफा डागा. त्याने डागल्या नाहीत. आधी मला सांगा, टर्नर जॉय कुठे आहे? पुन्हा हुकूम आला, त्याने पुन्हा तोच प्रश्न केला. शेवटी टर्नर जॉयला दिवे लावायला सांगण्यात आलं. दिवे लागले, ते बरोबर त्याच्या नेमाच्या रेषेत.